स्पीडबोटीच्या व्ही-८ इंजिनात रोलर कॅम: व्हॉल्व्ह स्प्रिंगचा दाब कसा ठरवावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मांडव्याच्या जेट्टीवरून चालणाऱ्या आपल्या स्पीडबोटीत शेव्हरोले स्मॉल ब्लॉक जातीचे ५.७ लिटरचे व्ही-८ पेट्रोल इंजिन आहे आणि त्यावर व्होर्टेक जातीची हेडे (व्हॉल्व्ह ज्यात बसतात ते सिलिंडरवरचे भाग) आहेत. सपाट टॅपेटचा (टॅपेट म्हणजे कॅमच्या चढावर बसून व्हॉल्व्हकडे हालचाल पोहोचवणारा भाग) जुना कॅमशाफ्ट झिजल्यामुळे आपण त्याजागी हायड्रॉलिक रोलर कॅमशाफ्ट आणि तळाला फिरते चाक असलेले रोलर टॅपेट बसवले, स्प्रिंगा मात्र जुन्याच ठेवल्या. नव्या कॅमची व्हॉल्व्हवरची लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याचे अंतर, १२.२ मिलीमीटर असून रॉकरचे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेचे, प्रमाण १.५ आहे. आता मिनिटाला ४४०० फेऱ्यांच्या पुढे इंजिन थरथरते, कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येतो, आणि रेस सोडल्यावर दोन-तीन सेकंदांनी ते पुन्हा सुरळीत चालू लागते. एका मिस्त्रींनी रेसिंगच्या सर्वांत कडक स्प्रिंगा घालायला सांगितले आहे, तर दुसऱ्यांचे म्हणणे असे की रोलरला घर्षण कमी असल्यामुळे जुन्याच स्प्रिंगा पुरल्या पाहिजेत.

मी तीस वर्षे रत्नागिरीत हेड आणि कॅमचे काम करतो, आणि त्यातला मोठा भाग बोटींच्या इंजिनांचा आहे. आकडा आधी देतो, कारण आपल्याला तो हवा आहे: व्हॉल्व्ह बंद असताना सुमारे १२५ पौंड आणि पूर्ण उघडलेला असताना सुमारे २९० ते ३०० पौंड. पण हा आकडा पाकिटावर वाचून स्प्रिंग विकत घेऊ नका. पाकिटावरचा दाब एका ठरावीक उंचीवरचा असतो, आणि आपल्या हेडात ती उंची तेवढीच आहे हे अजून कोणी मोजलेले नाही.

आधी लक्षणाविषयी. हायड्रॉलिक टॅपेटच्या पोटात तेलाच्या आधारावर तरंगणारा एक लहान दट्ट्या असतो. कॅम, पुशरॉड (टॅपेटपासून रॉकरपर्यंतची दांडी), रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात पडणारी फट आपोआप भरून काढणे हे त्याचे काम. स्प्रिंग अपुरी असली की वेगात असलेला व्हॉल्व्ह कॅमच्या माथ्यावरून वळताना वेळेवर मागे फिरत नाही, रोलर क्षणभर कॅमपासून सुटतो, आणि ती फट खरी समजून दट्ट्या तेल भरून वर येतो. पुढच्या क्षणी कॅमचा गोल भाग खाली आला तरी व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही, कारण मधला दट्ट्या आता लांबलेला असतो. कॉम्प्रेशन जाते, इनटेकमधून उलटा भडका येतो. रेस सोडल्यावर जादा तेल हळूहळू झिरपून जायला दोन-तीन सेकंद लागतात, आणि तेवढाच वेळ आपले इंजिन आजारी राहते. आग लावणाऱ्या यंत्रणेचा किंवा इंधनाचा दोष असता तर रेस सोडताच तो बहुधा नाहीसा झाला असता. हा रेंगाळणारा बिघाड दट्ट्याकडेच बोट दाखवतो. कॉइल आणि कार्ब्युरेटर बदलण्यावर कृपया पैसे घालू नका.

दुसऱ्या मिस्त्रींचे म्हणणे अर्धे खरे आहे. रोलरला घर्षण कमी असते, पण स्प्रिंगचे काम घर्षणावर मात करण्याचे नाही; कॅमच्या आकारामागोमाग व्हॉल्व्हला बांधून ठेवण्याचे आहे. सपाट टॅपेटला कॅम किती झपाट्याने वर उचलू शकेल याला टॅपेटच्या तळाच्या व्यासाची मर्यादा असते, कारण कॅमचा स्पर्शबिंदू त्या तळावर सरकत जातो आणि कडेच्या बाहेर गेला की कड कॅमला ओरखडते. शेव्हरोलेच्या या इंजिनात तो व्यास ०.८४२ इंच, म्हणजे सुमारे २१.४ मिलीमीटर आहे. रोलरला ही मर्यादा नसते. म्हणून रोलर कॅमचे चढ अधिक उभे कापतात, व्हॉल्व्ह लवकर उघडतो, जास्त वेळ उघडा राहतो आणि तितक्याच झपाट्याने बंद होतो. रोलर कॅमचा सगळा फायदा त्यातच आहे. पण जे झपाट्याने उचलले ते झपाट्याने थांबवावेही लागते, आणि ते थांबवणारी वस्तू स्प्रिंगशिवाय दुसरी कोणतीही नाही. शिवाय रोलर टॅपेट स्वतः सपाट टॅपेटपेक्षा बराच जड असतो.

इथे वजनाचा एक हिशेब सांगण्यासारखा आहे, कारण तो फार थोडे लोक करतात. रॉकरचे प्रमाण १.५ असल्यामुळे टॅपेट व्हॉल्व्हच्या मानाने कमी अंतर आणि कमी वेगाने हलतो. त्याचे वजन व्हॉल्व्हच्या बाजूला मोजायचे तर त्याला १.५ च्या वर्गाने, म्हणजे २.२५ ने भागावे लागते. टॅपेटचे १०० ग्रॅम स्प्रिंगला सुमारे ४४ ग्रॅमसारखे जाणवतात. रिटेनरचे, म्हणजे स्प्रिंगच्या माथ्यावर बसून तिला व्हॉल्व्हच्या दांडीशी धरणाऱ्या टोपीचे, १० ग्रॅम मात्र पुरते १० ग्रॅम. म्हणून वजन कमी करण्यासाठी पैसे खर्चायचेच असतील तर ते व्हॉल्व्ह, रिटेनर आणि स्प्रिंगच्या वरच्या टोकावर खर्चावेत. पुशरॉड हलका घेण्याच्या नादात तो बारीक घेऊ नये. बारीक पुशरॉड दाबाखाली वाकतो, पुन्हा सरळ होताना व्हॉल्व्हला उडवतो, आणि मग आपण स्प्रिंगला दोष देत बसतो. जाड भिंतीचा पुशरॉड चार ग्रॅमने जड असला तरी मी तोच बसवतो.

आता पहिल्या मिस्त्रींच्या सल्ल्याकडे येतो, कारण त्यातला धोका मोठा आहे. रेसिंगच्या स्प्रिंगा सॉलिड, म्हणजे आत तेलाचा दट्ट्या नसलेल्या, रोलर टॅपेटसाठी बनवलेल्या असतात. बंद स्थितीत २०० पौंड आणि उघड्या स्थितीत ४५० ते ५५० पौंड हे तिथले अगदी सामान्य आकडे आहेत. समजा आपण ४५० पौंडांची स्प्रिंग घातली. रॉकरच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे पुशरॉड आणि टॅपेटवर, त्याच्या दीडपट, ६७५ पौंड भार येतो. हायड्रॉलिक टॅपेटमधले तेल या भाराखाली दर उघडझापीत झिरपते, लिफ्ट घटते, खडखड सुरू होते. रॉकर ज्या स्टडवर बसतो त्या स्टडला दोन्ही बाजूंच्या भाराची बेरीज सोसावी लागते: ४५० अधिक ६७५, म्हणजे ११२५ पौंड, सुमारे ५१० किलो. मूळ व्होर्टेक हेडात हे स्टड आटे पाडून बसवलेले नसतात, नुसते दाबून ठोकलेले असतात. इतक्या ओढीने ते हळूहळू वर सरकतात. एका हेडात मी स्टड दीड मिलीमीटर वर आलेला पाहिला आहे. मालक आठवडाभर टॅपेट ॲडजस्ट करून दमले होते आणि प्रत्येक फेरीनंतर फट पुन्हा वाढत होती. मी सुचवलेल्या २९३ पौंडांच्या स्प्रिंगलाही हीच बेरीज ७३२ पौंड, म्हणजे सुमारे ३३२ किलो होते. म्हणून रोलर कॅमसाठी हेड खाली उतरवलेच असेल तर आट्यांचे स्टड बसवून घ्यावेत असा माझा आग्रह राहील.

असे असले तरी जास्त दाबाची भीती बाळगून कमी दाब ठेवणे हेही शहाणपणाचे नाही, आणि या मुद्द्यावर माझे मत ठाम आहे. रोलरच्या आत सुईसारख्या बारीक बेअरिंगा असतात. स्थिर भार त्या बराच सोसतात. त्यांना मारतो तो आघात. रोलर कॅमपासून सुटून परत आदळू लागला की प्रत्येक फेऱ्याला हातोड्याचा घाव बसतो, सुयांवर खड्डे पडतात, एखादी तुटते, आणि तिचे तुकडे तेलाबरोबर सर्वत्र फिरतात. माझ्याकडे आलेल्या फुटलेल्या रोलर टॅपेटांपैकी बहुतेकांच्या स्प्रिंगा मोजल्यावर अशक्तच निघाल्या. आपण ४४०० च्या पुढे इंजिन किती तास चालवले आहे हे मला ठाऊक नाही, पण स्प्रिंगा बदलताना सोळाही टॅपेट बाहेर काढून रोलर बोटाने फिरवून पाहावेत. सोळांतला एक जरी खरखरीत लागला तर तो संच परत घालू नये.

आता मोजमाप. या हेडात स्प्रिंगची बसवलेली उंची, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगच्या खालच्या बैठकीपासून रिटेनरच्या खालच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, मूळ मापात १.७० इंच, म्हणजे ४३.२ मिलीमीटर असते. त्या उंचीवर मूळ स्प्रिंगचा दाब नवी असताना साधारण ८० पौंड आणि पूर्ण उघडल्यावर सुमारे २०० पौंड. हेडाचे काम यापूर्वी झाले असेल तर सीट कापल्यामुळे व्हॉल्व्ह आत गेलेला असतो, त्याची दांडी वर आलेली असते, रिटेनर वर सरकलेला असतो आणि बसवलेली उंची वाढलेली असते. इंचाला ३५० पौंड दराची स्प्रिंग दर मिलीमीटरला सुमारे १३.८ पौंड बदलते. म्हणजे एका मिलीमीटरच्या फरकाने १२५ पौंडांची स्प्रिंग १११ पौंडांची होते, आणि विकणाऱ्याची त्यात काही चूक नसते.

मी हे काम असे करतो. व्हॉल्व्ह, रिटेनर आणि दोन्ही कॉटर (रिटेनरला दांडीवर अडकवणाऱ्या पाचरी) स्प्रिंगशिवाय बसवतो, रिटेनर हाताने वर ओढून कॉटर घट्ट बसू देतो, आणि आतून उंची मोजणाऱ्या मायक्रोमीटरने अंतर घेतो. सोळा व्हॉल्व्ह, सोळा आकडे. खडूने हेडावरच लिहून ठेवतो. मग प्रत्येक स्प्रिंग टेस्टरवर त्याच उंचीला दाबून वाचतो. बसवलेली उंची जिथे जास्त आहे तिथे खाली शिम, म्हणजे पातळ चकती, घालतो: पाऊण मिलीमीटरच्या शिमने साधारण १० पौंड वाढतात. सर्व व्हॉल्व्ह ५ पौंडांच्या आत एकसारखे आले की मी समाधानी असतो. टेस्टर जवळ नसेल तर खांबाची ड्रिल मशीन आणि भरवशाचा वजनकाटा यांवरही हे वाचन घेता येते. स्प्रिंग निसटू नये एवढी काळजी घ्यावी.

बंद स्थितीतला दाब जमला की उघड्या स्थितीचा हिशेब कागदावर होतो. १२५ पौंड, अधिक १२.२ गुणिले १३.८, म्हणजे १६८, एकूण २९३. स्प्रिंगची उघड्या स्थितीतली उंची ४३.२ वजा १२.२, म्हणजे ३१.० मिलीमीटर. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकण्याची उंची २९.२ असेल तर मध्ये १.८ मिलीमीटर मोकळीक राहते. दीड मिलीमीटरपेक्षा कमी मोकळीक मी ठेवत नाही, आणि फार जास्तही ठेवत नाही, कारण फार सैल स्प्रिंगचे वेढे वेगात आपसांत थरथरत राहतात. जुन्याच स्प्रिंगांखाली जाड शिम घालून दाब वाढवावा का, असेही आपण विचारले होते. मूळ स्प्रिंगचा दर मिलीमीटरला सुमारे ११ पौंड असतो, त्यामुळे दीड मिलीमीटर शिमने १६-१७ पौंड मिळतील आणि ही मोकळीक तेवढीच खाल्ली जाईल. दाब तरीही शंभराच्या आतच राहील. तो मार्ग सोडून द्यावा.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आपल्या हेडाबाबत आहे. मूळ व्होर्टेक हेडात रिटेनरचा तळ आणि गाईडच्या (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळीच्या) वरचे सील यांच्यातली जागा कमी असते. १२ मिलीमीटरच्या आसपासच्या लिफ्टला ती संपते. आपला कॅम १२.२ चा आहे. म्हणजे आपला रिटेनर कदाचित आताही सीलवर टेकत असेल. रॉकर कव्हर काढून सील पाहा: वरची कड चेपलेली किंवा फाटलेली दिसली तर उत्तर मिळाले. अशा वेळी गाईडचा वरचा भाग कटरने खाली घ्यावा लागतो, आणि रिटेनर ते सील किमान सव्वा ते दीड मिलीमीटर अंतर मिळेपर्यंत कोणतीही स्प्रिंग घालू नये.

स्प्रिंगच्या जातीबद्दल फार लिहीत नाही. वर निमुळती होत जाणारी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी स्प्रिंग, जी शेव्हरोलेच्या एलएस मालिकेत कारखान्यातूनच येते, ती या कामाला उत्तम आहे: तिचा रिटेनर लहान आणि हलका असतो, आणि वेढ्यांचा व्यास बदलत असल्याने ती एका सुरात थरथरत नाही. दुहेरी स्प्रिंगचा फायदा असा की एक तुटली तरी दुसरी व्हॉल्व्हला सिलिंडरमध्ये पडू देत नाही. किनाऱ्यापासून दूर प्रवासी नेणाऱ्या बोटीसाठी मला हा फायदा मोठा वाटतो, आणि आपल्या जागी मी दुहेरीच घेतली असती.

आता समुद्राविषयी, कारण गाडीसाठी छापलेले तक्ते इथे अपुरे पडतात. गाडीचे इंजिन क्वचितच पूर्ण भाराखाली सलग चालते. मांडव्याहून गेटवेपर्यंत बोट मात्र जवळजवळ सारा वेळ वरच्या फेऱ्यांवर असते. त्यात लाट मोठी असली की बोट उचलली जाते, पंखा पाण्याबाहेर येतो, भार एकदम नाहीसा होतो आणि ४६०० वर चाललेले इंजिन पापणी लवते न लवते तोच ५४०० वर जाते. व्हॉल्व्हला आवरण्यासाठी लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे या उडीत तो सुमारे ३८ टक्के वाढला. स्प्रिंग ठरवायची ती या उडीसाठी. त्यासोबत ५००० ते ५२०० वर फेरे रोखणारा लिमिटर बसवावा. तो स्प्रिंगपेक्षा स्वस्त आहे. उधाणाच्या दिवसांत थ्रॉटलवरचा हात हलका ठेवणारा तांडेल मिळाला तर त्याचा उपयोग दोन्हींपेक्षा जास्त होतो.

खाऱ्या हवेचा मुद्दा मी एका प्रसंगाने सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी हर्णैच्या बाजूची एक बोट माझ्याकडे आली. स्प्रिंगा मीच आदल्या हंगामात बसवल्या होत्या, दाब बरोबर होते, आणि तरी एक स्प्रिंग मधोमध तुटली होती. तुटलेले तोंड भिंगाखाली धरले तेव्हा कडेला खसखशीच्या दाण्याएवढा तपकिरी ठिपका दिसला, आणि त्याभोवती शिंपल्यावरच्या वळ्यांसारख्या बारीक रेषा पसरत गेलेल्या होत्या. भेग त्या गंजाच्या ठिपक्यापासून निघून रोज थोडी थोडी पुढे सरकली होती. तो ठिपका ज्या जागी होता तिथे पक्कडीच्या दाताचा ओरखडा होता, आणि ती पक्कड माझ्याच मदतनिसाच्या हातात होती. व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या तारेचा पृष्ठभाग छर्ऱ्यांचा मारा करून मुद्दाम कठीण केलेला असतो. त्यावरचा एक ओरखडा किंवा गंजाचा एक खड्डा पुरा होतो. तेव्हापासून माझ्याकडे स्प्रिंगा पाकिटातून निघतात त्या थेट इंजिन तेलाच्या डब्यात जातात, आणि बसवताना हाताशिवाय किंवा प्लास्टिकच्या चिमट्याशिवाय त्यांना काही लागत नाही. गंजलेली स्प्रिंग आम्लात किंवा गंज काढणाऱ्या द्रवात बुडवून पुन्हा वापरू नये: आम्लातला हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ करतो, आणि बाहेरून स्प्रिंग नव्यासारखी चकचकीत दिसते.

आगोटीला बोट वर ओढून झापांनी शाकारली की इंजिन तीन महिने उभे राहते. काही व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत अडकतात, पण दबून राहिल्याने चांगली स्प्रिंग फारशी सैल पडत नाही. रॉकर कव्हरच्या आत साचणारी वाफ मात्र तिला खाते. बोट वर घेण्याच्या दिवशी ताजे तेल भरून इंजिन पंधरा मिनिटे चालवावे, मग कव्हरे काढून स्प्रिंगांवर तेल ओतावे आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे. बोटीचा एक्झॉस्ट पाण्याने थंड होत असल्यामुळे जास्त ओव्हरलॅपचा (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे ठेवणारा) कॅम मंद गतीला एक्झॉस्टमधले खारे पाणी सिलिंडरकडे ओढतो, हेही तपासावे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूस तांबडा गंज दिसला तर दोष स्प्रिंगचा नसून कॅमच्या निवडीचा आहे, आणि मग दाबाचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

नव्या स्प्रिंगा पहिल्या काही तासांत थोड्या बसतात. पाच ते दहा पौंड घट मी गृहीतच धरतो, म्हणून १२५ हवे असतील तर १३० च्या जवळपास सुरुवात करतो. दहा तास चालवल्यानंतर हेडावरच पुन्हा वाचन घ्यावे आणि तोच आकडा वहीत मूळ म्हणून लिहावा. पुढे त्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घट दिसली की संच बदलावा, एखादीच नवी घालून भागवू नये. आपण सोळा बसवलेल्या उंच्या आणि रिटेनर ते सील हे अंतर मोजून कळवलेत, तर कोणत्या व्हॉल्व्हखाली किती जाडीचा शिम घालावा हे मी एकेक करून सांगेन.